राहीची निवड

"अजून थोडी उजळ कर," पंकजसर म्हणाले.

शुभांगीने माउसवरचा हात काढून घेतला. "सर, आता ही राही उरलीच नाही."

नगरमधल्या त्या छोट्या कंपनीत कुस्तीचा मोबाईल गेम तयार होत होता. गेममधल्या पुरुषांपैकी एक टकला होता, एकाचं पोट सुटलेलं, एकाचे कान चुरगळलेले. त्यांना कुणी नावं ठेवत नव्हतं. बायका दोनच. गोरीपान, नाजूक कंबरेची रिया. आणि काळी, रुंद खांद्यांची राही. शुभांगीने ती काष्टीच्या राहीबाई मावशीवरून काढली होती. मावशी लहानपणी जत्रेच्या आखाड्यात पोरांना चीत करायची.

आधी राहीची कंबर बारीक झाली. मग ओठ गुलाबी झाले. आता गाडी रंगावर आली होती.

"असली बाई घेऊन खेळणार कोण?" सरांनी विचारलं.

"टकल्याला घेऊन खेळतातच ना?"

"तो पुरुष आहे, शुभांगी."

ती पर्स उचलून घरी निघून गेली. आठवडाभर ऑफिसला फिरकली नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, असं स्वतःला बजावत राहिली आणि रागाने रडत राहिली. शेवटी सरांचाच फोन आला.

"तुझी पहिली राही ठेवू. पण कुणी निवडली नाही, तर पुढच्या अपडेटला काढणार. मग वाद नको."

गेम बाजारात आला. आकडे विचारायचा शुभांगीला धीर होत नव्हता. एका सकाळी सर पेढेच घेऊन आले.

"राही राहणार! सगळ्यात जास्त निवड तिचीच झालीय."

"रियापेक्षाही?"

"कितीतरी!"

रविवारी ती एसटीने काष्टीला गेली. मावशीने मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"आगं, ही तर मीच! नाक बी माजंच हाय." हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. "पन येवढी काळी बाई कोन घेतंय गं खेळायला?"

"सगळे घेतात, मावशी."

तेवढ्यात मावशीची नात सृष्टी बाहेरून आली. श्रीगोंद्याच्या कॉलेजात शिकणारी, रंगाने थेट आजीवर गेलेली. तिने मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं.

"आत्या, हा गेम तुमी केला? आमच्या कॉलेजात लई चालतो. सगळ्या पोरी हिलाच घेत्यात."

"तू पण?"

"व्हय, मी बी!"

शुभांगीचा ऊर भरून आला. "मग आजीला एक डाव खेळून दाखव ना."

सृष्टीने मांडी घातली. पडद्यावर 'तुमचा पैलवान' असा चौकोन आला. त्यात तिने रिया घेतली. शेजारी 'प्रतिस्पर्धी' असा दुसरा चौकोन होता. त्यात राहीला टाकून ती म्हणाली, "आता बघ आज्जी, या काळीला कशी आपटते."