नदीपलीकडची मोजदाद

शेडमध्ये डर्ट बाइक तीन होत्या. पुढे स्की आणि मागे पट्टा लावून बाइक बर्फावर चालवायचा संच एकच. नदीवरचा बर्फ फुटायच्या आत आमचे २१२ रेनडिअर पलीकडे न्यायचे होते. बर्फाला सगळ्यात हलकी कोणती, हे बघायला मी तिन्हींचं वजन करत बसले; निलासदादाने मात्र ज्या बाइकवरून तो कळपाला खाद्य वाटायचा, तीच निवडली.

“आवाज ओळखतात हिचा. मागोमाग येतील.”

सगळा कळप त्याच्यामागे पलीकडे गेला. संध्याकाळी आईने दादाला फोन लावला, “रस्सा निवतोय, ये की आता.”

“कसा येऊ? मी वळलो की हे सगळे वळतात!”

“मग बाइक तिथेच ठेव, चालत ये.”

“काहीतरीच काय, आई! नवा पट्टा लावलाय तिला.”

 

परवा बर्फ फुटला. नदीपलीकडे: रेनडिअर २१२, बाइक १, दादा १.