खिडकीचा पुरावा

ट्यूनिसच्या जुन्या शहरात आजोळच्या घराची कुजलेली लाकडी खिडकी काढून लसादला अ‍ॅल्युमिनियमची बसवायची होती. "जशी होती तशीच बसवावी लागेल," म्हणत वारसा खात्याच्या बाईंनी पुराव्याचा फोटो पुढे केला. फोटो त्याच्या आईच्या लग्नाआधीचा होता. खिडकीच्या लाकडी जाळीला धरून एक तरुण बाहेर लोंबकळत होता.

"आई, तुमच्याकडे चोर शिरला होता?" लसादने घरी येऊन फोटो दाखवत विचारलं.

आई ओढणीत तोंड खुपसून इतकी हसली की तिला उचकी लागली.

लसादचे वडील, तिजानी, फोटो बराच वेळ निरखत राहिले. मग म्हणाले, "बाई म्हणतात ते बरोबर आहे, लाकडीच बसव. अ‍ॅल्युमिनियमनं माझं वजन पेललं नसतं."