स्थळाचा अल्बम

लेकीला घेऊन भैरूनाना स्थळ बघायला पिंपळे सौदागरला आले. पोहे होताच मुलानं, गणराजनं, स्वतःचा अल्बम लावला. "रॉकची गिटार आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र केलंय, नाना. मत सांगा." नानांची हयात चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर गेलेली. गिटार गुरगुरली, मागून कॉम्प्युटर किंचाळला, मग दोघांनी मिळून असा खडखडाट केला की नानांनी झेप घेऊन भिंतीवरचं बटणच बंद केलं. "मशीनचं बेअरिंग गेलं वाटलं," नाना पुटपुटले. स्थळ गेलंच म्हणायचं! तेवढ्यात लेकीनं उठून बटण चालू केलं. "पप्पा, थांबा की! आता भारी गिटार येतेय." हिला आधीच कसं ठाऊक? नानांनी गोंधळून मुलाच्या आईकडं पाहिलं, तर तीही गोंधळलेली. लेक मात्र गणराजकडं बघून लाजली. "मग मत?" गणराजनं चाचरत विचारलं. "गाण्यातलं कळलं न्हाई," नाना म्हणाले, "पण साखरपुडा कधी धरायचा?"