बारा शिपाई आणि उमरग्याची जीप

भाल्याची जाडी एक मिलिमीटर.

कुरडई, तीन दिवस उन्हात.

पुण्याहून आलेला फोटो : नऊ पाय, सगळे घोट्यापासून.

चार भाग कडक, एक भाग लवचिक.

लोहारा ते उमरगा, दोन फेऱ्या.

पुण्याची एस्टी पावणेचारला.

आणि घड्याळात सव्वातीन! लोहाऱ्याच्या जीप स्टँडवर महेश्वरी बसत होती, उठत होती, रस्त्याकडं बघत होती. तिची आई पार्वतम्मा पिशवी मांडीवर घेऊन शेजारी निवांत.

येणाऱ्या जीपमध्ये पत्र्याचा एक डबा होता. डब्यात महेश्वरीनं घरच्या थ्री-डी प्रिंटरवर रेझिनच्या चिकट द्रवातून काढलेले बारा शिपाई, बोटाएवढे. पुण्यात एक क्लब आहे. तिथं मोठी माणसं टेबलावर डोंगर-किल्ले मांडतात, फासे टाकतात आणि असले शिपाई लढवतात. खेळता खेळता शिपाई खाली पडणारच. पहिल्या खेपेचे पडले आणि काचेसारखे फुटले. ‘पुन्हा नमुने पाठवा. टिकले तर दोनशे घेऊ, नाहीतर राहू द्या,’ क्लबानं कळवलं. क्लब उद्या रविवारी बसणार होता.

फुटले कशानं, ते मायलेकींना पुरतं ठाऊक होतं. प्रिंटरमधून निघालेला शिपाई कच्चा असतो, उजेडात पक्का होतो. घरात त्याची दिव्याची पेटी नव्हती, पण ऊन रग्गड. पार्वतम्मानं शिपाई गच्चीवर कुरडयांशेजारी मांडले आणि कुरडयांसारखेच तीन दिवस वाळवले. जितकं ऊन तितका टिकाऊ माल, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कुरडया झकास झाल्या. शिपाई ठिसूळ. तुटक्या पायांचा फोटो आला त्या दिवसापासून पार्वतम्मानं प्रिंटरच्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं.

या वेळी महेश्वरीनं लवचिक रेझिन मिसळलं. ऊन घड्याळ लावून, आठ मिनिटं. आता आपटून बघायचं तेवढं राहिलं होतं. पण स्वतःच्या हातानं टाकायला तिचा हातच होईना. म्हणून डबा दिला जीपवाल्या बब्रुवानकडं. कापूस नाही, कागद नाही. सीटखाली मोकळा टाका, दोन फेऱ्या मारून आणा. त्या रस्त्यानं धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात. तिथं टिकला तो कुठंही टिकेल.

धूळ उठली. आली! जीपमधून सोळा माणसं उतरली आणि सगळ्यांत शेवटी बब्रुवान, टॉवेलात गुंडाळलेला डबा छातीशी धरून.

“उघडा ताई! एकाचं नखबी मोडलं न्हाय!”

बारा शिपाई. बारा भाले. चोवीस पाय! महेश्वरी जागच्या जागी उडाली.

“सीटखाली लई आदळला असंल ना, मामा?”

“सीटखाली? म्या काय येडा हाय? तुमचं पयलं काम! दोनी फेऱ्या मांडीवर घेतला. खड्डा आला की डबा वर, असा! बाया म्हनल्या, बब्रुवान, लेकरू हाय का काय त्यात?”

महेश्वरी मटकन खाली बसली. “मामा, आदळायलाच तर पाठवला होता.”

बब्रुवानचा चेहरा पडला. साडेतीन वाजले. एस्टी समोरच्या फलाटाला लागली होती.

“दे इकडं,” पार्वतम्मा उठली. डब्यात बोट फिरवून तिनं नेमका एक शिपाई उचलला. त्याच्या तळाला कसलीशी काळी माती लागली होती.

“अव्वा, थांब—” महेश्वरी ओरडली.

शिपाई फरशीवर आपटला, उडाला, टायरवर आदळला, पालथा पडला. महेश्वरीनं वाकून पाहिलं. भाला वाकडा झाला होता.

आणि मग सगळ्यांच्या देखत तो वाकडा भाला हळूहळू सरळ झाला.

“आगायाया!” बब्रुवान ओरडला. “अम्मा, आनखी एकदा!”

घरी निघालेली सोळाही माणसं माघारी फिरली. मला द्या एक, मला द्या. कुणी जीपच्या टपावरून टाकला, कुणी डोक्यावरून मागं भिरकावला. महेश्वरीनंही एक उचलला, डोळे मिटले आणि दाणकन आपटला. काही झालं नाही! तिनं तोच पुन्हा आपटला.

“ताई, जीप घालू का वरून?”

“मामा!”

बाराच्या बारा गोळा झाले, डब्यात पडले, आणि डबा घेऊन महेश्वरी एस्टीकडं पळत सुटली. कंडक्टरनं डबा घेतला. मागून बब्रुवान जीव तोडून ओरडला, “सायेब, मांडीवर घेऊ नगा!”

एस्टी निघून गेली. महेश्वरी धापा टाकत होती, हसत होती.

“अव्वा, फुटला असता तर गं?”

पार्वतम्मानं पिशवी झटकून काखेत मारली. “चल घरी. पुडच्या येळंला आठ मिन्टं म्या मोजीन.”

त्या दिवशी सकाळी, महेश्वरी आंघोळीला गेली असताना, पार्वतम्मानं तो तळाला माती लागलेला शिपाई गच्चीवरून अंगणात सात वेळा टाकला होता.