शेजारची सीट

नवरा गेल्यापासून गाडी ती एकटीच चालवायची. हल्ली मात्र शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी सारखी किणकिणत असे. शोरूमवाल्यांनी सीटचा सेन्सर बदलायला अठरा हजार सांगितले. एकटी बाई बघून टोपी घालतायत, असं वाटून ती ओळखीच्या मेकॅनिककडे गेली.

त्याने सीट उघडून बराच वेळ खटपट केली.

"ताई, एक पैसा देऊ नका त्यांना. तुमचा सेन्सर ठणठणीत आहे."

"मग वाजतो कशाला?"

"माझ्याकडचा नवा लावून पाहिला, तोही वाजला. वायरिंगही चांगलं आहे." त्याने फडक्याला हात पुसले आणि सीटकडे बघायचं टाळत तो म्हणाला, "वजन असलं की तो वाजणारच."

पैसे न घेताच तो आत निघून गेला.

ती गाडीत बसली. किणकिण असह्य झाली, तेव्हा तिने हात लांबवून शेजारचा पट्टा ओढला आणि खटकन लावला. आवाज थांबला. पट्टा मात्र सीटला टेकलाच नाही. वीतभर वर, कुणाच्या पोटावरून गेल्यासारखा गोल राहिला आणि संथपणे वरखाली होऊ लागला.

"अहो?" तिने हळूच हाक मारली.