सूट

डिंगोऱ्याहून बोटीनं आलेले मामंजी नातवंडांबरोबर दिवसभर निवांत रंगून शहर बघत होते. पॅगोड्याच्या पायथ्याशी त्यांनी आपणहून वहाणा काढल्या. "देव कुणाचाबी असंना, पायरी ती पायरीच." तेवढ्यात एक गोरा साहेब बूट वाजवत वर निघाला. "आजोबा, ह्यांनी नाही काढले!" धाकटी ओरडली. मी तिला दटावलं. तिच्या वडिलांची नोकरी साहेबांच्याच हाताखाली होती. मामंजींनी पायरीजवळच्या इंग्रजी पाटीकडे बोट केलं. "काय लिव्हलंय गं, सूनबाई?" वाचताना संतापानं माझे कान तापले. "पायताणं काढावीत. गोऱ्यांना सूट." मामंजी वहाणा झटकत म्हणाले, "बराबर हाय. खंडोबाच्या देवळात आमच्या मेंढरांनाबी सूट असती. त्यांचे खूर निघत न्हाईत!" मुलं खिदळली. साहेब थबकला. "म्हातारा काय म्हणाला?" त्यानं इंग्रजीत मला विचारलं. मी धाकटीचा हात घट्ट धरला आणि शब्दन्‌शब्द सांगितला.