मनातला होकार

बँकेच्या फसवणूक विभागात वैजयंती सबनीसनं निवृत्त प्राचार्य दिघ्यांचं कार्ड बंद केलं आणि पैसे गेले त्या क्षणाची त्यांच्या मनाची नोंद उघडली. मालकाच्या मनातून होकार आल्याशिवाय आता कुठलंच कार्ड चालत नसे. हारतुऱ्यांना हपापलेला हा या महिन्यातला चौदावा!

"मॅडम, धडधडीत लुबाडलंय मला! जीवनगौरव पुरस्कार जाहीर झालाय, असा मेसेज आला. उघडला आणि चार लाख गेले."

"मेसेज खोटा असल्याची तुम्हाला ब्याण्णव टक्के खात्री होती, सर. तरी मनापासून होकार दिलात. भरपाई मिळणार नाही."

वैजयंतीनं मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. दिघे पडल्या चेहऱ्यानं उठले, पण दारापाशी घुटमळले.

"निदान ते मानपत्र तरी पाठवतील ना हो?"